गळा एकाचा, तोंड दुसऱ्याचं : सराफ्यातली टिपणं

दिवसा इंदूरच्या सराफ्यात कोणी आवाज चढवत नाही. तोळे, घट, मजुरी ही बोलणी शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नयेत इतक्या हळू चालतात. रात्री नऊनंतर शटरं खाली येतात, त्याच ओट्यांपुढे भट्ट्या पेटतात आणि गल्लीला दुसराच गळा फुटतो. भुट्टे का कीस, जलेबा, खोपरा पॅटिस, थंडीत गराडू. प्रत्येकाची हाळी वेगळी. रंगमंचावरच्या आवाजात आणि माइकपुढच्या आवाजात फरक काय, असं कोणी विचारलं तर मी त्याला इथे दोनदा यायला सांगेन, एकदा दुपारी, एकदा रात्री. संगीत नाटकातला नट रात्रीच्या सराफ्यात वाढलेला असतो. डबिंगच्या खोलीत त्याला दुपारचा सराफा शिकावा लागतो.

*

जोशी दहीबडा हाऊसची ख्याती दह्याचा द्रोण हवेत उडवून झेलण्याची आणि चिमटीतून एकेक मसाला वेगवेगळा सोडण्याची. बघायला गर्दी होते. पण थोडं बाजूला उभं राहून फक्त ऐकावं. द्रोण दिसत नसला तरी तो वर गेला कधी आणि हातात आला कधी, हे बोलण्याच्या लयीवरून कळतं. आवाजात शरीर उतरतं ते असं. कार्टूनला आवाज देणाऱ्याकडून मागतात ते एवढंच, आणि ते सोपं नाही.

*

१९८६च्या नोव्हेंबरात ब्रॉडवेवर 'स्माइल' नावाचं संगीतक आलं. सौंदर्यस्पर्धेत उतरलेल्या मुलींची गोष्ट. संगीत मार्विन हॅम्लिशचं, पदं आणि दिग्दर्शन हॉवर्ड ॲशमनचं. ४८ प्रयोगांत खेळ आटोपला. आपल्या भाषेत, नाटक पडलं. ॲशमन त्या सुमारास डिस्नेच्या 'द लिटिल मरमेड'कडे वळला होता. पडलेल्या नाटकातल्या मुलींना त्याने आवाजाच्या चाचणीला बोलावलं आणि त्यांतली जोडी बेन्सन १९८९च्या चित्रपटात जलपरी एरियल झाली.

ध्वनिमुद्रणाच्या वेळचं चित्रण पाहायला मिळतं. ॲशमन तिच्या शेजारी उभा आहे आणि आवाज खाली आण, खाली आण म्हणतो आहे. भाव मात्र तसूभर कमी करू देत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय लागलेल्या गळ्याला चार बोटांवरच्या माइकशी बोलायला लावणं चाललं आहे. समुद्राच्या तळाशी असल्यासारखं वाटावं म्हणून बेन्सनने स्टुडिओतले दिवे मंद करून घेतले होते. रंगमंचावरची बाई, अंधार आणि प्रकाश यांच्याशिवाय तिला भूमिकेत शिरता कसं येणार?

पुढे १९९२ ते १९९४ या काळात एरियलची टीव्ही मालिका निघाली, तिलाही बेन्सनचाच आवाज. त्याच १९९२ साली ती ब्रॉडवेवर 'क्रेझी फॉर यू'मध्ये नायिका म्हणून उभी होती. म्हणजे एक सोडून दुसरीकडे जाणं असं ते नव्हतंच. दोन्ही दुकानं चालू होती.

'मरमेड'ची गोष्टही मुळात गळा गहाण टाकणाऱ्या मुलीची. सराफ्याला हा व्यवहार नवा नाही.

*

आपल्याकडे डबिंग नव्हतं तेव्हा काय करत? १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला तो दोनदा चित्रित करून, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. तोच संच, तीच माणसं, तोच प्रसंग, वाक्य वेगळं. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, 'मानापमान'च्या पदांना चाली देणारे, हार्मोनियमवर हात बसलेले, संगीत रंगभूमीचा जीव. तारामती दुर्गा खोटे.

मला हे फार आवडतं. भाषा बदलली की सगळं अंग पुन्हा कामाला लावायचं. हिंदीतलं वाक्य मराठीपेक्षा लांब आहे म्हणून हात थोडा उशिरा उचलायचा. आज ती कसरत एकट्या गळ्याने करायची असते, कारण हात आधीच कुणीतरी काढून ठेवलेला असतो.

*

हात काढून ठेवलेला असतो, यावरून. अमेरिकेत ॲनिमेशनचा मूळ आवाज बहुधा आधी ध्वनिमुद्रित होतो आणि चित्रकार तो ऐकून ओठ, भुवया, खांदे काढतात. जपानात बहुतेक वेळा चित्र आधी, आवाज मागून. आपल्याकडे परदेशी मालिका येते तेव्हा चित्रही तयार आणि मूळ आवाजही तयार. आपला कलावंत तिसरा येऊन बसतो.

संगीत नाटकात याच्या बरोबर उलटं होतं. ऑर्गन आणि तबला गाणाऱ्याच्या मागून जात. त्याने एक जागा जास्त घेतली तर तबलजी थांबून राही, रसिकांनी मागितलं की पद पुन्हा सुरू होई आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. डबिंगच्या बूथमध्ये अडीच सेकंदांचं वाक्य अडीच सेकंदांतच मरतं. कोणी थांबत नाही. साथ करायची ती चित्राची, आणि चित्र कधीही दाद देत नाही. रंगभूमीवरून आलेल्या माणसाला यातलं सर्वांत अवघड काय जात असेल, तर माझ्या मते हेच. तंत्र शिकता येतं. समोर माणूस नसण्याची सवय लावून घ्यावी लागते.

*

बूथची व्यवस्था थोडक्यात. एक कलावंत, कानाला हेडफोन, पुढे पडदा, बाजूला संहिता. काचेपलीकडे डबिंग डायरेक्टर आणि रेकॉर्डिंग करणारा. पूर्वी फिल्मच्या तुकड्याचं वेटोळं करून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा फिरवत. आता संगणकावर एकेक वाक्य घेतात. बहुतेक वेळा कलावंत एकटाच असतो. ज्याच्याशी भांडायचं तो गेल्या आठवड्यात येऊन भांडून गेलेला असतो. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, म्हणून पडद्यावर ओठ मिटतील तिथे यांतलं काहीतरी यावं अशी लिहिणाऱ्याची धडपड असते. जपानी कार्टूनमध्ये तोंडाची उघडझाप ढोबळ असते, तिथे जरा सूट मिळते. बांगड्या वाजता कामा नयेत, कागद वाजता कामा नये, पोटातली भूक वाजता कामा नये.

शब्दांपलीकडचा ऐवज वेगळाच. धावताना लागलेली धाप, पडल्यावरचा हुंकार, तोंडात घास असतानाचं बोलणं. एकेका भागात असे आवाज खोऱ्याने लागतात. दमसास ज्याने कमावला आहे तो इथे तरतो.

*

माझा मुख्य मुद्दा पुरुषांनी नेसलेल्या साड्यांपासून सुरू होतो.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, भामिनी, सिंधू, रुक्मिणी झाले आणि महाराष्ट्राने ते मान्य केलं. इंदूरनेही केलं, होळकरांच्या या गावात नाटक कंपन्यांचं येणंजाणं होतं आणि मराठी घरं तिकिटासाठी जीव टाकत. पुरुषाच्या गळ्यातून बाई ऐकायची आपल्या आजोबा-पणजोबांना सवय होती. ती फसवणूक आहे असं कुणाला वाटत नसे. गळा खरा वाटला की पुढचं सगळं चालून जाई.

आता आजच्या मुलांकडे बघा. 'निंजा हातोरी' हिंदीत बोलतो तो मेघना एरंडे यांच्या आवाजात. डोरेमॉनचा हिंदी आवाज वर्षानुवर्षं सोनल कौशल यांचा. जपानातही तेच: नोबुयो ओयामा या बाई १९७९ ते २००५ डोरेमॉन होत्या. 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू हा पिळदार योद्धा १९८६पासून मासाको नोझावा यांच्या गळ्यातून गर्जतो, आणि त्यांचा जन्म १९३६चा. अमेरिकेत बार्ट सिम्पसन १९८७पासून नॅन्सी कार्टराइटचा. शंभर वर्षांपूर्वी मराठी रंगमंचावर पुरुष बाई होत होता. आज पडद्यामागे बाई मुलगा होते.

कारणं दोन्हीकडे व्यवहाराची. नाटक कंपनीत स्त्रिया नव्हत्या म्हणून मुलगे घेत, आणि मुलाचा आवाज फुटला की मालकाची झोप उडे. कार्टूनचंही तसंच. मालिका पंधरा वर्षं चालते, मुलगा पंधरा वर्षं दहा वर्षांचाच राहतो, खरा मुलगा मात्र तेराव्या वर्षी घोगरा होतो. बाईचा गळा टिकतो. व्यवहारातून निघालेली वाट कलेला कुठे घेऊन जाईल याचा नेम नसतो, एवढंच म्हणायचं.

*

'अलबत्या गलबत्या' या रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यात चिंची चेटकीण झाले होते दिलीप प्रभावळकर. २०१८मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनाखाली ते नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले. दोघेही पुरुष. 'द लिटिल मरमेड'मधल्या अर्सुला चेटकिणीचं चित्र काढताना डिस्नेच्या चित्रकारांपुढे डिव्हाइन हा बाईच्या वेषात वावरणारा नट होता. चेटकिणीला मिशीचा अंश लागतो, याबद्दल दोन खंडांचं एकमत दिसतं.

*

२०११चा 'बालगंधर्व' चित्रपट: चेहरा सुबोध भावे यांचा, गळा आनंद भाटे यांचा. २०१५चा 'कट्यार काळजात घुसली': खाँसाहेब सचिन पिळगांवकर, गाणारे राहुल देशपांडे, सदाशिव सुबोध भावे, गाणारे महेश काळे. भाटे आणि काळे या दोघांनाही या गाण्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि ते योग्यच.

पण 'कट्यार' १९६७ साली रंगमंचावर आलं तेव्हा वसंतराव देशपांडे बोलतही होते आणि गातही होते. वाक्य संपता संपता सूर लागे. बोलण्यातला राग तसाच पदात शिरे, मधे सांधा दिसत नसे. तो सांधा न दिसणं हीच संगीत नटाची विद्या. नुसतं चांगलं गाणारे पुष्कळ, नुसतं चांगलं बोलणारेही पुष्कळ.

*

आता हाच सांधा डबिंगमध्ये पाहा. 'फ्रोझन'मधली एल्सा इंग्रजीत इडिना मेन्झेल. 'विकेड' या ब्रॉडवे संगीतकामुळे २००३नंतर नावारूपाला आलेली. ती बोलते आणि गाते, एकच बाई. २०१९च्या 'फ्रोझन २'च्या हिंदी आवृत्तीत एल्साचं बोलणं प्रियांका चोप्राचं, गाणं सुनिधी चौहानचं. दोघी आपापल्या जागी मोठ्या. पण गाणं सुरू झालं की खोलीत दुसरं कुणी आल्यासारखं वाटतं. पार्श्वगायनाची आपल्याला इतकी सवय की मोठ्यांना ते खटकत नाही. १९३५च्या 'धूप छाँव'पासून आपण एकाच्या तोंडात दुसऱ्याचा गळा घालत आलो आहोत. मुलांना खटकतं. त्यांना विचारून बघा.

*

पार्श्वगायनाचा विषय इंदूरमध्ये काढला की सगळे एकाच नावापाशी येतात. लता मंगेशकर २८ सप्टेंबर १९२९ रोजी इथे, शीख मोहल्ल्यात जन्मल्या. वडील मास्टर दीनानाथ, बलवंत संगीत मंडळीचे, म्हणजे घर संगीत नाटकाचं. लहानपणी त्यांनी 'सौभद्र'मध्ये नारद केला होता. छोटी मुलगी, मोठा मुनी.

त्यांच्या गाण्यातल्या सुरांबद्दल लिहून लिहून लोक थकले. मला वाटतं, त्यांच्या उच्चारातली नाटकवाल्याची शिस्त फार कमी जणांनी धरली. पडद्यावरच्या बाईचं वय, स्वभाव, मनःस्थिती ऐकून त्या शब्द टाकत. तो अभिनयच होता, फक्त पगारपत्रकावर त्याला गायन म्हणत. मध्य प्रदेश सरकारने १९८४ साली त्यांच्या नावाने सन्मान सुरू केला.

*

रुडयार्ड किपलिंगने १८९४च्या 'जंगल बुक'मध्ये रंगवलं ते रान आमच्या मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. ती गोष्ट लंडनमार्गे जपानला गेली, तिथे निप्पॉन ॲनिमेशनने १९८९-९०मध्ये तिचे ५२ भाग केले आणि १९९३मध्ये ती हिंदी बोलत दूरदर्शनवर परत आली. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल आणि शेरखानच्या जबड्यात मुरूड-जंजिऱ्याचे नाना पाटेकर. रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडत.

नाना संगीत नाटकातले नव्हेत, पण 'पुरुष' नाटकाच्या प्रयोगांनी घासलेला तो आवाज होता. शेरखान ओरडला की भीती वाटायची नाही. तो हळू बोलायला लागला की वाटायची. दुपारचा सराफा.

२०१६च्या हॉलिवूडच्या 'जंगल बुक'ला हिंदी करताना शेरखानसाठी पुन्हा नानाच लागले.

*

फ्रान्सच्या 'ऑगी अँड द कॉक्रोचेस' मालिकेत पात्रं बोलत नाहीत. नुसती आदळआपट. हिंदीत आणताना त्यांना चक्क बोलायला लावलं आणि मुलांनी ती डोक्यावर घेतली. मिटल्या तोंडांत वाक्यं कोंबणं हा शुद्धतावाद्यांना गुन्हा वाटेल. नाटकवाल्याला वाटणार नाही. पदरची वाक्यं घालून टाळी घेणारे नट आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. वाईट एवढंच की पदरचं घालायलाही पदर असावा लागतो; पुढे पुष्कळ नकला निघाल्या, त्यात नुसता कलकलाट उरला.

*

शरद केळकर ग्वाल्हेरचे. लहानपणी आपण अडखळत बोलायचो, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. 'बाहुबली'तल्या प्रभासचा हिंदी आवाज त्यांचा, आणि २०२१पासूनच्या 'द लिजेंड ऑफ हनुमान' या ॲनिमेशन मालिकेत ते निवेदकही आहेत आणि रावणही. त्याच मालिकेत रामाचा आवाज संकेत म्हात्रे यांचा. म्हणजे राम-रावण दोन्ही मराठी घरांतले, युद्ध हिंदीत.

माळव्यातल्या नि ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला इथे एक फायदा मिळतो. घरात मराठी, ओट्यावर हिंदी. दोन्ही भाषा दुधातूनच आलेल्या. आमच्या मराठीला पुण्याचे लोक हसतात, कारण तिच्यात हिंदी मिसळलेली. हसू देत, भिया. माइकसमोर 'च' आणि 'ज' कुठे दंत्य, कुठे तालव्य, हे ज्याला विचार न करता बदलता येतं त्याचं पोट भरतं.

*

२०२४च्या 'लाल सलाम' चित्रपटात ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकडून घडवून वापरले, घरच्यांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. निदान विचारलं तरी. ज्यांचं नावच कुठे छापलेलं नाही अशा डबिंग कलावंतांचा आवाज कुणी उचलला तर परवानगी मागायला जाणार कोणाकडे?

नावाचा प्रश्न जुना आहे. मालिका संपल्यावर मूळ जपानी किंवा फ्रेंच नावं भराभर पळतात. ज्यांना आपली मुलं रोज ऐकतात ती हिंदी-मराठी नावं बहुतेक वेळा येतच नाहीत. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत डबिंग कलावंतासाठी वेगळा पुरस्कार नाही. केरळ राज्य तो देतं. जमतं, असा त्याचा अर्थ.

*

तबकडीच्या काळात मोठमोठे संगीत नट यंत्रापुढे बुजत, तीन-साडेतीन मिनिटांत पद मावेना. पण मावलं. बालगंधर्व, दीनानाथ आज आपल्याला ऐकू येतात ते त्या साडेतीन मिनिटांच्या जुलमामुळेच. म्हणून अडीच सेकंदांची तक्रार मी फार मनावर घेत नाही.

*

रात्रीचा एक वाजतो आहे, मूग भजी संपली. लिहून ठेवायचं ते लिहून टाकतो.

इंदूरमध्ये सानंद न्यास आहे, महाराष्ट्र साहित्य सभा आहे, मराठी शाळांची जुनी परंपरा आहे. दिवाळीत, उन्हाळ्यात मुलांची नाट्यशिबिरं होतात, नाट्यसंगीताचे वर्ग चालतात. पुण्या-मुंबईत तर संगीत नाटकात काम करणाऱ्या तरुण मुलामुलींची अख्खी फळी आहे. बोलणं आणि गाणं एकाच गळ्यातून काढण्याचं शिक्षण मिळालेली एवढी माणसं एका भाषेत असणं ही साधी गोष्ट नाही, आणि त्यांना वर्षाकाठी प्रयोग मिळतात किती? उलट बाजूला मुलांच्या गाणाऱ्या पात्रांसाठी दोन-दोन माणसं बोलावली जात आहेत.

तेव्हा शिबिरं घेणाऱ्यांना विनंती: पुढच्या वेळी एक दिवस मोकळा ठेवा, एक बरा माइक आणि मूक केलेलं एखादं कार्टून आणा, आणि मुलांना आधी बोलायला, मग त्याच आवाजात गायला लावा. स्टुडिओवाल्यांना विनंती: गाणाऱ्या पात्रासाठी नाव शोधताना सिनेमाच्या यादीआधी संगीत नाटकाची जाहिरात वाचा. आणि घरात कार्टून लावणाऱ्या आईबापांनी वाहिनीला एक पत्र टाकावं, आवाज देणाऱ्यांची नावं दाखवा म्हणून.